पार्ट बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

गेल्या पावसाळ्यात भिवंडीचे एक कापड व्यापारी आमच्या गॅरेजात आले. वयाने मोठे, बोलायला सभ्य, पण चेहऱ्यावर वैताग. गाडी उभी केली आणि डिकीतून एक पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत जुना पेट्रोल पंप होता, जुना ऑक्सिजन सेन्सर होता, चार प्लग होते आणि एक इग्निशन कॉइल होती. म्हणाले, "उस्ताद, एवढे सगळे बदलून झाले. तीन गॅरेजे झाली, सोळा हजार रुपये गेले. गाडी अजून कसाऱ्याच्या घाटात दम तोडते. आता तुम्हीच सांगा, आणखी काय बदलायचे?"

मला त्यांच्या नुकसानीचे वाईट वाटले, पण त्याहून जास्त वाईट वाटले त्या प्रश्नाचे. "गाडीला काय झाले आहे?" असे त्यांनी विचारले नाही. "आणखी काय बदलायचे?" असे विचारले. ग्राहकाला ही भाषा कोणी शिकवली? आपणच शिकवली. गॅरेजवाल्यांनी शिकवली आणि स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी तिला हातभार लावला. आज या पानावर त्याच विषयी चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल याच धंद्यावर पेटते.

कानाचा जमाना आणि आकड्याचा जमाना

ज्यांनी प्रीमियर पद्मिनीवर हात बसवला त्यांना आठवत असेल. कार्ब्युरेटर उघडा, जेट साफ करा, स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करा आणि कान लावून ऐका. उस्ताद इंजिनच्या आवाजावरून सांगायचे की पेट्रोल जास्त जाते की कमी. ती विद्या खरी होती, तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांसाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला आणि तेथून कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मग भारत स्टेजचे एकेक टप्पे आले आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा देशभर लागू झाले. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. म्हणजे ज्या गाड्यांवर कान तयार झाले त्या गाड्याच आता उरल्या नाहीत.

आज पेट्रोल किती सोडायचे हे स्क्रू ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. त्याने काय ठरवले हे कानाला ऐकू येत नाही. ते आकड्यांत दिसते. आकडा वाचता आला नाही तर कारागिराच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत जाणे. त्यातूनच ती पिशवी भरते.

इंजिनची रोजकीर्द आणि खतावणी

पेट्रोल इंजिनला साधारण १४.७ किलो हवेमागे १ किलो पेट्रोल लागते. हे प्रमाण सांभाळले तरच सायलेन्सरच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करतो. म्हणून कॉम्प्युटर आत जाणारी हवा मोजतो, तिच्या हिशेबाने इंजेक्टर उघडतो, आणि जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे ऑक्सिजन सेन्सरला विचारतो. ऑक्सिजन जास्त उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण लीन. उरलाच नसेल तर पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण रिच. त्याप्रमाणे तो पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ही जी टक्केवारीतली दुरुस्ती, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात.

व्यापारी बंधूंना हे चटकन समजेल. आपण दुकानात रोजकीर्द लिहितो आणि तिच्यावरून खतावणी करतो. कॉम्प्युटरही तेच करतो. शॉर्ट टर्म ट्रिम ही त्याची रोजकीर्द आहे. ती क्षणाक्षणाला वरखाली होते. लाँग टर्म ट्रिम ही त्याची खतावणी आहे. रोजकीर्दीत एकाच बाजूला तूट पडत राहिली की तो ती खतावणीत ओढतो. आकड्यापुढे अधिक असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आहे, उणे असेल तर कमी करतो आहे. समजा, हिशेबाने इंजेक्टर ३ मिलिसेकंद उघडायला हवा होता आणि ट्रिम अधिक १० असेल, तर तो ३.३ मिलिसेकंद उघडतो. इतकी ही साधी गोष्ट आहे.

दोन्ही वह्या एकत्र वाचायच्या. लाँग अधिक १२ आणि शॉर्ट उणे २ असेल तर खरी तूट १० ची. बेरीज ५ च्या आत असेल तर इंजिन सुखी आहे. १० च्या पुढे गेली तर कारण शोधा. साधारण २५ च्या आसपास, कंपनीप्रमाणे थोड्या फरकाने, डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो आणि स्कॅनरवर पी ०१७१ म्हणजे लीन, किंवा पी ०१७२ म्हणजे रिच असा कोड येतो.

येथेच पहिली चूक होते. लीनचा कोड दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. अरे, तो बिचारा मुनीम आहे! त्याने तूट असल्याचे सांगितले आणि आपण मुनीमच काढून टाकला. कोड ही फिर्याद असते, निकाल नसतो. तूट कोठे आहे हे शोधण्याचे काम अजून बाकी असते.

तीन ठिकाणी वाचा

तूट शोधण्याची रीत अवघड नाही. इंजिन गरम झाल्यावर ट्रिम तीन ठिकाणी लिहून घ्या. एक, आयडलला. दोन, उभ्या गाडीत २५०० फेऱ्यांवर. तीन, रस्त्यावर, चढावर, गाडी ओढत असताना. हे तीन आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहिले की निम्मे निदान तेथेच होते.

आयडलला ट्रिम बरीच अधिक आणि २५०० वर ती खाली आली, तर हवा चोरून आत शिरते आहे. कोठे तरी व्हॅक्यूमची नळी फुटली असेल किंवा इनटेकचे गॅस्केट गेले असेल. आयडलला इंजिन थोडीच हवा घेते, त्यामुळे चोरीची हवा त्यात मोठा वाटा उचलते. वेग वाढला की तोच वाटा नगण्य होतो. मात्र हा नियम हवेचे माप घेणारा एअर फ्लो सेन्सर ज्या गाडीत आहे तिलाच लागू पडतो. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत तो नसतो, तेथे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे चोरीची हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढतो. म्हणून बॉनेट उघडल्यावर पहिला प्रश्न हा की या गाडीत कोणता सेन्सर आहे? हे न पाहता नळ्या शोधत बसलेले कारागीर मी पाहिले आहेत.

आयडलला सर्व ठीक, पण लोड आला की ट्रिम चढत जाते, तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर, पंप, पंपाला मिळणारा करंट, यापैकी काही तरी कमी पडते. किंवा एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसून तो हवा कमी दाखवतो.

ट्रिम उणे असेल तर पेट्रोल नको तेथून येते आहे. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, गरजेपेक्षा जास्त दाब, किंवा पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल. ही यादी लक्षात ठेवावी.

तिन्ही ठिकाणी ट्रिम सारखीच थोडी अधिक असेल तर घाबरू नका, आधी टाकीत काय आहे याचा विचार करा. पेट्रोलमधले इथेनॉल वाढत गेले आणि २०२५ साली २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने गाठले. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात १ किलो इंधनामागे हवा १४.७ किलो नव्हे, साधारण १३.५ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या किंवा १० टक्के मिश्रणाच्या हिशेबाने बसवलेल्या जुन्या गाडीची खतावणी त्यामुळे काही टक्के अधिककडे सरकणारच. तो दोष नव्हे. पण ज्या गाडीत आधीच ८-१० ची तूट होती, तिचा दिवा या नव्या भाराने पेटू शकतो. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी गेले तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते आणि गाडी मिसिंग करू लागते. म्हणून संशय आला तर पार्ट मागवण्याआधी काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून पाहा. त्याला काही खर्च नाही.

एक गोष्ट आणखी. ट्रिम अगदी नीट आहे आणि तरीही पिकअप नाही, तर पेट्रोलचा पिच्छा सोडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे का, टायमिंग चेन सरकली आहे का, कॉम्प्रेशन आहे का, थ्रॉटल पूर्ण उघडतो का, क्लच घसरतो का, हे पाहा. फ्युएल ट्रिम काय नाही हेही सांगते, आणि ते कळणे तितकेच मोलाचे आहे.

फसवणारे दोन

दोन ठिकाणी ही वही खोटी बोलते, तेही सांगून ठेवतो. पहिली जागा मिसिंगची. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर तेथली हवा न जळता तशीच बाहेर येते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन सांगतो. वास्तविक पेट्रोल भरपूर असते, जळालेले नसते. म्हणून मिसिंग असताना ट्रिमवर भरवसा ठेवू नये, आधी मिसिंग काढावे.

दुसरी जागा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तेव्हाची. धुराच्या लाटांमध्ये तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर पुन्हा लीन सांगतो. यात मी स्वतः फसलो आहे. एका गाडीचा लीनचा कोड पाहून मी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दोष निघाला मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा. दुकानदाराने सेन्सर परत घेतला नाही, आणि त्याचे बरोबर होते, कारण एकदा लावलेला इलेक्ट्रिकल पार्ट कोणी परत घेत नाही. ग्राहकाकडून पैसे मागायला तोंड नव्हते. तो सेन्सर माझ्या खिशाला लागला. त्या दिवसापासून मी मल्टिमीटर आधी उचलतो आणि पाना नंतर.

पुन्हा त्या पिशवीकडे

आता भिवंडीच्या गाडीकडे वळू. तिला सी.एन.जी. किट बसवलेले होते. हाजीसाहेब म्हणाले, गॅसवर तक्रार नाही, पेट्रोलवरच दम तोडते. तीही रोज नाही, बहुधा रात्री आणि पावसात. मी स्कॅनर लावला. आयडलला बेरीज अधिक ४, २५०० वर अधिक ५. म्हणजे उभ्या गाडीत काहीच नाही. आधीच्या कारागिरांनी आयडलला प्रेशर गेज लावला असणार, आणि तेथे दाब बरोबरच दिसला असणार.

आम्ही गाडी चढावर नेली. एकदा ट्रिम अधिक ६, दुसऱ्यांदा त्याच चढावर अधिक २१. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ऑक्सिजन सेन्सरने ०.८ व्होल्टच्या वर असायला हवे, तो ०.१ वर पडून राहिला. (पूर्ण ॲक्सिलरेटरवर कॉम्प्युटर ट्रिमकडे पाहत नाही, म्हणून तेथे सेन्सरचे व्होल्ट वाचायचे असतात.) मिसिंग नव्हते, एक्झॉस्ट गळत नव्हता. म्हणजे पेट्रोल खरोखर पुरत नव्हते. पण पंप तर नवा! आणि मग एकाच चढावर एकदा ६, एकदा २१ का?

ग्राहकाच्या बोलण्यात उत्तर होते, "रात्री आणि पावसात". रात्री हेडलाइट लागतात, पावसात वायपर आणि काचेवरचा ब्लोअर चालतो. दुसऱ्या खेपेला आमचाही ए.सी. आणि दिवे चालू होते. गॅरेजात आलो, मागची सीट उचलली आणि पंपाच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. सर्व बंद असताना १३.४ व्होल्ट. दिवे, ए.सी., पंखा, ब्लोअर चालू केले आणि काटा आला ११.३ वर. बॅटरीवर मात्र त्याच वेळी १३.६. मग मधले २.३ व्होल्ट गेले कोठे? प्लसच्या बाजूला ०.३ गेले, ते चालण्यासारखे. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत मोजले तर तेथे २ व्होल्ट! अर्थिंगच्या जागी २ व्होल्ट म्हणजे घराच्या पायालाच तडा.

बॉडी अर्थचा बोल्ट हाताला गरम लागत होता. किट बसवताना कोणी तरी तो सोडला असावा आणि गंजावरच पुन्हा आवळला असावा. लोड आला की पंपाला करंट कमी, करंट कमी म्हणून पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणून पिकअप नाही. गॅसवर पेट्रोल पंपाचे काम नसते, म्हणून तेथे तक्रार नव्हती. बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवा वायसर टाकून आवळला. पुन्हा मोजले तर ०.१ व्होल्ट. चढावर सर्व दिवे लावून गेलो, ट्रिम अधिक ५, सेन्सर ०.८५. गाडी ओढू लागली.

पिशवीतला जुना पंप मी कुतूहल म्हणून बाकावर तपासला. तो चांगला होता. सेन्सर चांगला होता. कॉइलही चांगली होती. तिन्ही कारागीर मूर्ख होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पेट्रोल कमी पडते हे त्यांच्यापैकी एकाने बरोबर ओळखले होते. तो उत्तराच्या दारापर्यंत गेला आणि न मोजताच परत फिरला.

"बोल्ट आवळायचे आठशे?"

मी दीड तासाचे ८०० रुपये सांगितले. हाजीसाहेब चकित झाले. "उस्ताद, एक बोल्ट आवळायचे आठशे?" पैसे त्यांनी दिले, पण नाराजीने दिले. मला त्यांचा राग आला नाही. पंपाचे त्यांनी न बोलता दिले होते, कारण पंप हातात धरता येतो, डब्यातून निघतो, त्यावर शिक्का असतो. निदान हातात धरता येत नाही.

पण याला जबाबदार कोण? वर्षानुवर्षे आपण गॅरेजच्या दारावर "फ्री चेकिंग"ची पाटी लावत आलो. तपासणी फुकट आणि कमाई पार्टमधल्या मार्जिनवर. याचा सरळ अर्थ पाहा. ज्याने दीड तास मोजून बोल्टमधला दोष काढला त्याला काही मिळत नाही. ज्याने दहा मिनिटांत पंपावर संशय घेऊन पंप बदलला त्याला मजुरी मिळते, शिवाय पंपावर मार्जिन मिळते. म्हणजे आपलेच दरपत्रक चुकीच्या अंदाजाला बक्षीस देते आणि बरोबर निदानाला दंड करते. असा हिशेब कोणत्या दुकानात चालेल? आणि असा हिशेब असताना शागिर्दाने मोजायला का शिकावे?

यात नुकसान फक्त ग्राहकाचे नाही. चुकीचा पार्ट कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. कधी ग्राहकाच्या, कधी कारागिराच्या, कधी भांडण होऊन दुकानदाराच्या. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत ज्यांची दुकाने आहेत त्यांना हे सांगायला नको. आणि तीन वेळा पैसे घालवलेला ग्राहक चौथ्यांदा आपल्या गल्लीत येत नाही. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो. तेथे तपासणीचे पैसे तो मुकाट्याने भरतो, कारण तेथे ते बिलात लिहिलेले असतात.

म्हणून काय करावे

माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणीची मजुरी वेगळी घ्या, उघड घ्या आणि आधी सांगून घ्या. बॉनेट उघडण्यापूर्वी ग्राहकाला सांगा, "एक तास तपासणीचे इतके रुपये. दोष सापडला तर लिहून देईन, दुरुस्ती कोठे करायची ते तुमची मर्जी." दोष सापडला नाही तर तेही सांगायची हिंमत ठेवा.

दुसरे, कागद द्या. तीन ठिकाणची ट्रिम, पंपाचे व्होल्ट, पेट्रोलचा दाब, दुरुस्तीच्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे. साध्या चिठ्ठीवर लिहिले तरी चालेल. आकडे लिहिलेला कागद हातात पडला की ग्राहकाला निदानही पार्टसारखे हातात धरता येते. बदललेला जुना पार्ट त्याला परत द्या.

तिसरे, साधने. चांगला मल्टिमीटर प्रत्येक कारागिराजवळ हवाच. मोबाइलला जोडायचा छोटा ओ.बी.डी. अडॅप्टर काही शेकड्यांत मिळतो, ट्रिम वाचायला बऱ्याच गाड्यांत तोही पुरतो. मोठा स्कॅनर आणि प्रेशर गेजचा संच महाग वाटत असेल तर एका गल्लीतल्या चार गॅरेजांनी मिळून घ्यावा. आपण एकमेकांचे जॅक आणि पुलर नेतोच ना!

चौथे, मुलांचे शिक्षण. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ज्यांचे वय गेले पण हात तयार आहे, त्यांच्या आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेतही ठेवलेली आहे. पण प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचे हे की शागिर्दाला पाना देताना मीटरही द्या. त्याला "हे बदल" असे सांगू नका, "हे मोजून सांग" असे सांगा.

आता आक्षेप. काही बंधू म्हणतील, आम्ही तपासणीचे पैसे मागितले तर ग्राहक शेजारच्या गॅरेजात जाईल. काही जण जातील, हे खरे आहे. मी ही पद्धत सुरू केली तेव्हा पहिले सहा महिने कठीण गेले. पण गेलेल्यांपैकी बरेच जण पिशवी घेऊन परत आले. दुसरे म्हणतील, दुरुस्ती आमच्याकडेच केली तर तपासणीचे पैसे वजा करू. दिसायला हे चांगले आहे, पण मी याच्या विरुद्ध आहे. वजा केले की ते पुन्हा पार्टमध्ये लपते आणि पुन्हा पार्ट विकण्याचा मोह होतो. ज्या कामाची किंमत आपण स्वतः लपवतो त्या कामाला ग्राहक किंमत देईल ही अपेक्षा चुकीची आहे.

आणि तिसरा आक्षेप सर्वात जुना. "आम्हाला अनुभव आहे, आम्ही बघूनच सांगतो." अनुभवाचा मी आदर करतो. रात्री आणि पावसात हे दोन शब्द ऐकून दिव्यांकडे लक्ष गेले तो अनुभवच होता. पण अनुभव कोठे मोजायचे ते सांगतो. किती आहे ते मीटरच सांगतो. दोघांना वेगळे केले की दोघेही लंगडे.

हाजीसाहेबांनी ती पिशवी परत नेली नाही. आमच्या गॅरेजात ती खिळ्याला टांगलेली आहे. नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्या हातात देतो आणि सांगतो, "याची किंमत सोळा हजार रुपये आहे, आणि यातला एकही पार्ट खराब नव्हता." कारागीर बंधूंनो, आपल्या गल्लीतून अशी आणखी एक पिशवी भरून जाऊ नये एवढी काळजी आपण प्रत्येकाने घेतली, तरी या धंद्याची गेलेली पत बरीचशी परत येईल.